तळाशी पोहोचलेलं पाणी आलं कुठून?

मित्रहो, ध्रुवीय समुद्रांबद्दल हवामान मॉडेलं, म्हणजे संगणकावर हवा आणि समुद्र चालवून पाहणारी गणितं, कितपत खरं सांगतात, हा आजचा विषय. तो मी एकाच पाण्याच्या वाटेनं मांडणार आहे.

जगातल्या महासागरांच्या तळाशी पसरलेलं सर्वांत जड, अतिथंड पाणी अंटार्क्टिकाच्या कडेला तयार होतं. हिवाळ्यात खंडावरून घसरत येणारा वारा किनाऱ्यालगतचा समुद्री बर्फ पुढे लोटतो आणि काळंभोर पाणी उघडं पडतं. या उघड्या जागेला पॉलिन्या म्हणतात. पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास असतं. त्यावर बर्फ धरतो, वारा तो नेतो, पुन्हा नवा धरतो. गोठताना बर्फ बहुतेक मीठ बाहेर टाकतो, त्यामुळे खालचं पाणी खारट आणि जड होत जातं. ते समुद्रबूड जमिनीवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर, साचतं आणि मग खंडान्त उताराच्या कडेवरून, घळी शोधत, हजारो मीटर खाली ओघळतं. हा ओघळ असतो साधारण शे-दोनशे मीटर जाडीचा. वेडेल समुद्र, रॉस समुद्र, अ‍ॅडेली किनारा, अशा मोजक्याच ठिकाणी हे घडतं.

आता हा ओघळ मॉडेलमध्ये घाला. मॉडेल समुद्राचे चौकोनी घरांत तुकडे करतं, तीच त्याची जाळी. बऱ्याच मॉडेलांत ती साधारण एक अंशाची असते, म्हणजे दक्षिणोत्तर सुमारे १११ किलोमीटरचं एक घर. अख्खा उतार एक-दोन घरांत संपतो. त्यातच बहुतेक मॉडेलांचा तळ पायऱ्यांसारखा. जड पाणी प्रत्येक पायरीवरून पडताना शेजारच्या हलक्या पाण्यात मिसळतं आणि तळाशी पोहोचण्याआधीच त्याचा जडपणा संपतो.

समुद्रशास्त्रज्ञ सेलिन उझे आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १५ मॉडेलं तपासली. निम्म्या मॉडेलांत तळाच्या पाण्याचे गुणधर्म बऱ्यापैकी जुळत होते. दहा मॉडेलांत समुद्रबूड जमिनीवर जड पाणी तयारही होत होतं, पण तिथून ते खाली जात नव्हतं. मग तळ भरत होता कशानं? बहुतेक मॉडेलांत भर समुद्रात, पृष्ठभागापासून थेट खोलवर पाणी उलथत होतं. खऱ्या समुद्रात असं क्वचितच घडतं. १९७४ ते १९७६ या हिवाळ्यांत वेडेल समुद्रात, किनाऱ्यापासून दूर, अडीच लाख चौरस किलोमीटरच्या घरातली पॉलिन्या उघडली होती आणि तिथं पाणी असंच उलथलं होतं. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याच भागात पुन्हा एक उघडली, पण बरीच लहान.

उत्तर बरोबर, रीत चुकीची. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. भर समुद्रात उलथणारं पाणी खोलात साठलेली उष्णता वर आणतं. उद्या हवा तापली, पाऊस वाढला, वरचं पाणी हलकं झालं की मॉडेलमधलं हे उलथणं थांबतं आणि उष्णतेचा, कार्बनचा सगळा हिशेब बदलतो. खऱ्या समुद्रात बदल किनाऱ्यावरून येणार, हिमस्तराच्या, म्हणजे खंडावरच्या जाड बर्फाच्या, वितळलेल्या गोड्या पाण्यातून. आणि अजून बहुतेक मॉडेलांत तो हिमस्तर समुद्राशी जोडलेलाच नाही.

उत्तर ध्रुवाकडे दुखणं निराळं. नॉर्वेचा संशोधक नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाज बर्फात अडकवून वाहत गेला, तेव्हा त्याला थंड थराखाली अटलांटिककडून आलेलं उबदार पाणी सापडलं. अनेक मॉडेलांत हाच थर जास्त खोल आणि जास्त जाड येतो. ध्रुवाजवळचे भोवरे दहा किलोमीटर किंवा त्याहूनही लहान असतात, ते जाळीतून निसटतात. हे एक कारण.

जाळी बारीक केली की चित्र सुधारतं, हे दिसलेलं आहे. पण शतकभराचं भाकीत इतक्या बारीक जाळीवर चालवायला संगणकाची ताकद प्रचंड लागते. पडताळ्यालाही मोजमापं हवीत. आर्गो या जागतिक मोहिमेचे समुद्रात सोडलेले नेहमीचे तरंगक, म्हणजे आपोआप बुडून वर येणारी मोजयंत्रं, दोन हजार मीटरपर्यंतच उतरतात आणि बर्फाखालून त्यांना वर येऊन संदेश पाठवता येत नाही. म्हणून संशोधकांनी हत्ती सीलच्या डोक्यावर छोटी उपकरणं चिकटवली. हे प्राणी भक्ष्यासाठी बुडी मारतात आणि हिवाळ्यातल्या बर्फाखालचं तापमान, खारटपणा नोंदवून आणतात. पूर्व अंटार्क्टिकातल्या केप डार्नलीजवळ तळाचं पाणी तयार होतं, याचा पुरावा भक्कम करण्यात या सीलच्या नोंदींचाही वाटा आहे. माणसाचं जहाज ऐन हिवाळ्यात तिथं पोहोचणं जवळपास अशक्य.

म्हणून कुणी नवं मॉडेल दाखवलं की तळाच्या तापमानाचा नकाशा मी नंतर पाहतो. आधी विचारतो, हे पाणी खाली कुठल्या वाटेनं गेलं?