नानकटाईच्या आधी

(दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. जुन्या इमारतीचा जिना, पहिल्या मजल्यावरचं स्वयंपाकघर.)

बडोद्यात नवरात्र संपलं, गरब्याचे मांडव उतरले, आणि या घरात माळ्यावरून ओव्हन खाली आला. पावसाळाभर तो जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. दिवाळीची नानकटाई आत्या घरीच करते. तिच्या लहानपणी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं आणि भाजलेली नानकटाई डबा भरून आणायची. आच सांभाळणं भट्टीवाल्याकडे असे. आता ते घरच्यांकडे आलंय.

ओव्हन लावला, दाराला हात घातला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. आत्या सहज म्हणाली, "अगं, चप्पल घालून हात लाव. मग नाही लागत."

हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय, आणि दर वेळी मला भीती वाटते.

(दृश्य: रॉडचा जवळून शॉट.)

ओव्हन तापवणारा हा रॉड म्हणजे धातूची नळी. तिच्या मधोमध नायक्रोमच्या तारेचं वेटोळं असतं. तार नळीला टेकू नये म्हणून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरतात. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते आणि वीज अडवते. पण ती ओल धरते. टोकाचं सील सैल झालं, की पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते आणि वीज झिरपत ओव्हनच्या पत्र्यावर येते. तिथून तिने अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जायचं असतं. ती वायर नसेल, तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. फरशी नुकतीच पुसलेली असली, चप्पल ओली असली, तर झिणझिण्यांवर भागेलच असं नाही.

वायरमनने बोर्ड उघडला. सॉकेटला वरचं मोठं भोक होतं, पण त्याच्यामागे वायर नव्हती. तो म्हणाला, "बेन, आमां अर्थिंग ज नथी."

आत्याचा भरवसा एमसीबीवर, म्हणजे बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर होता. एमसीबी पडते ती भार वाढला किंवा शॉर्टसर्किट झालं तर. एवढीशी गळती तिला कळत नाही. ती ओळखते आरसीसीबी: गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला, की ती लगेच वीज तोडते. 'सारखी पडते' म्हणून ती काढून टाकणारीही घरं आहेत. कृपा करून असं करू नका. ओव्हन लावला की ती पडत असेल, तर प्लग काढा आणि रॉड मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने, तपासून घ्या.

(दृश्य: तपकिरी पडलेला प्लग.)

प्लगही बघा. हा ओव्हन २००० वॅटचा आहे, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ८.७ अँपियर ओढतो. त्याला १६ अँपियरचंच सॉकेट हवं. आत्याने मिक्सरच्या ६ अँपियरच्या सॉकेटात अडॅप्टर घालून तो चालवला होता. पिना काळवंडल्या होत्या आणि जळक्या प्लास्टिकचा वास येत होता.

बाकी तपासायला दहा मिनिटं पुरतात. ओव्हन रिकामा तापवा. रॉड सगळीकडे सारखा लाल व्हायला हवा. एकाच ठिकाणी जास्त झगझगला किंवा फुगलेला दिसला, तर बदला. काचेला बारीक तडा असेल तर ओव्हन वापरू नका. खालच्या ट्रेमधलं तूप आणि चुरा काढून टाका, पेट घेतो तो तिथेच. आत ज्वाळा दिसली तर दार बंदच ठेवा आणि भिंतीवरचा स्विच बंद करा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. अशा पुरात बुडालेला ओव्हन नुसता उन्हात वाळवून लावायचा नसतो. मेकॅनिकने तो उघडून तपासल्याशिवाय प्लग लावू नका. एरवीही पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पंधरावीस मिनिटं मंद आचेवर रिकामा चालवला, तर रॉडमध्ये ओल साठत नाही.

(दृश्य: नवी हिरवी वायर, नवं सॉकेट.)

आत्याच्या ओव्हनला नवा रॉड बसला, अर्थिंग आलं. वायरमन पिशवी आवरत होता, तेवढ्यात तिने त्याला थांबवलं. या जिन्यावरच्या चारही बिऱ्हाडांचं वायरिंग एकाच वेळी झालेलं आहे. ती समोरच्या काकूंची कडी वाजवायला गेली.