ऑर्गनकडे कान द्या

नमस्कार श्रोतेहो. आज ‘मशीन हेड’. डीप पर्पल या ब्रिटिश बँडचा हा अल्बम मार्च 1972 मध्ये आला. गाणी फक्त सात, आणि त्यातलं एक तर गिटार हातात घेतलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी वाजवलेलं असतं. अर्थात, ‘स्मोक ऑन द वॉटर’.

त्या गाण्यातली आगीची गोष्ट खरी आहे. डिसेंबर 1971 मध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला रेकॉर्डिंगसाठी गेली होती. तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम सुरू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे पेटता गोळा सोडणारं पिस्तूल, उडवली आणि कॅसिनो जळून खाक झाला. धूर समोरच्या तळ्यावर पसरला. रेकॉर्डिंग त्याच कॅसिनोत व्हायचं होतं! मग दुसरा हॉल मिळाला. तिथे या गाण्याची मूळ चाल टेप होते न होते, तोच आवाजाने हैराण झालेल्या शेजाऱ्यांमुळे पोलीस दारात. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल गाठलं. कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून ड्रम आणि अँप, म्हणजे अँप्लिफायर, मांडले. रेकॉर्डिंगची सामग्री बाहेरच्या ट्रकमध्ये, रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओत. तिथवर जायचं म्हणजे खोल्या नि बाल्कन्या ओलांडण्याची कसरत, त्यामुळे टेक झाल्यावर ऐकून बघायचा सगळ्यांना कंटाळा. बहुतेक म्हणूनच वाजवणं इतकं मोकळं झालंय. घासूनपुसून गुळगुळीत केलेलं काही नाही.

या अल्बमची तारीफ करताना सगळे रिची ब्लॅकमोरच्या गिटारवर थांबतात. गिटार थोर आहेच, वाद नाही. पण माझं मत विचाराल तर खरी गंमत जॉन लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनमध्ये, विजेवर चालणाऱ्या ऑर्गनमध्ये, आहे. हॅमंडचा आवाज एरवी फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढतात, गोल, लहरता. लॉर्डने तो गिटारच्या मार्शल अँपमध्ये घातला. आवाज फाटला, खरखरीत झाला, गिटारच्या तोडीस तोड झाला. ‘हायवे स्टार’मध्ये गिटारच्या आधी ऑर्गनचा सोलो येतो, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत पचवलेला माणूस रॉक वाजवतोय हे लगेच कळतं. पेटीवाला साथ सोडून गवयाशी भिडला तर काय होईल, तसं काहीसं.

इयन पेसचे ड्रम आणि रॉजर ग्लोव्हरचा बेस यांच्यावर स्वतंत्र बोलायला हवं. तूर्तास एवढंच, ‘पिक्चर्स ऑफ होम’मध्ये ग्लोव्हरचा छोटासा बेस सोलो आहे, तो निसटू देऊ नका. ‘नेव्हर बिफोर’ मला बेताचंच वाटतं. गंमत म्हणजे सिंगल म्हणून आधी तेच काढलं होतं.

आता ऐकू या ‘लेझी’. सात मिनिटांहून मोठं गाणं. सुरुवातीला लॉर्ड एकटाच, गुरगुरणारा. इयन गिलनचा आवाज यायला चारेक मिनिटं लागतील, तेव्हा घाई करू नका. आणि हो, माउथ ऑर्गनही त्याचाच. आवाज थोडा वाढवा.