लोणकढी थाप आणि रोमानियाचं तळण

नमस्कार मंडळी! कुणी मस्त रंगवून खोटं बोललं की आपण म्हणतो, काय लोणकढी थाप मारली रे! म्हणजे बघा, आपण थापेलासुद्धा ताजं तूप लावून ठेवलंय. आता तिकडे युरोपात, रोमानियात, थापा चक्क तेलात तळतात.

सांगते कशा. तिकडे गोगोश मिळतात, एकच असेल तर गोगोआशा म्हणायचं. मैदा, दूध, अंडी, यीस्ट, पीठ फुगलं की वाटीने गोल पाडायचे आणि तळायचे, वर पिठीसाखर, आत कधी जॅम तर कधी नुसती हवा. थोडक्यात बिनभोकाचा डोनट. याच शब्दाचा अर्थ रेशमाच्या किड्याचा कोष असाही होतो, आणि कुणी गोगोश सांगतोय म्हणजे तो थापा मारतोय! फुगलेलं आणि आत पोकळ, मला तरी पटलं बुवा.

दुसरं म्हणजे मिंचुनेले. मिंचुना म्हणजे खोटं, म्हणजे या झाल्या छोट्या छोट्या थापा. आपल्या शंकरपाळीची चुलत बहीणच म्हणा ना, पीठ लाटायचं, कातणीने पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीच्या मधोमध चीर द्यायची आणि पट्टीचं एक टोक त्या चिरेतून ओढून काढायचं, की झाला पीळ. तळून काढल्या की वर पिठीसाखर, आणि खाताना काळा ड्रेस घालू नका, बास.

स्कोवेर्ज मात्र सरळमार्गी, हाताने ओढून पातळ केलेली, भटुऱ्याच्या वळणावर जाणारी, सोबत खारवलेलं चीज नाहीतर साखर.

पण माझा जीव अडकलाय पापानाशमध्ये. गाईच्या दुधाचं ताजं, पनीरसारखं मऊ चीज, त्यात अंडं, रवा किंवा मैदा, थोडा सोडा, लिंबाची साल किसून. त्याचं कडं करून तळायचं, मधल्या भोकातून जे पीठ निघतं त्याची गोळी तीही तळायची. मग गरम कड्यावर आंबट घट्ट साय, तिला ते स्मिंतिना म्हणतात, त्यावर आंबट चेरीचा नाहीतर ब्लूबेरीचा जॅम आणि सगळ्यात वर ती गोळी, टोपीसारखी! (उकडलेलेही पापानाश असतात, पण उकडलेल्याला आज आपल्या प्रोग्रॅममध्ये जागा नाही.)

मी घरी केले मागच्या रविवारी. पनीर घरचंच, पण पाणी नीट निथळू दिलं नाही, घाई नडली. पहिलं कडं कढईत सोडलं आणि मिनिटभरात त्याचा रवा रवा झाला, तेल फसफसून वर आलं, मैदा आणखी घालावा तर दगड होणार. शेवटी झाऱ्याने जे हाती लागलं ते बाउलमध्ये भरलं, वर चक्का आणि जॅम ओतला आणि पाहुण्यांना ठणकावून सांगितलं, रोमानियात असंच चमच्याने खातात!