काचपट्टीवरची तपकिरी केंद्रके

पडद्यावर दिसणारा हा पातळ काप मूत्राशयाच्या कर्करोगाच्या गाठीचा आहे. निळ्या पेशींमध्ये काही केंद्रके तपकिरी दिसतात, कारण त्यांत पी५३ नावाचे प्रथिन साचले आहे. निरोगी पेशीत हे प्रथिन इतके अल्पायुषी असते की या रंगात ते सहसा दिसत नाही. त्याचे जनुक बिघडले, की अनेकदा ते नष्ट न होता केंद्रकात साठत जाते.

गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरली, की पुष्कळदा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. त्यानंतरही काही रुग्णांमध्ये रोग शरीरात अन्यत्र उद्भवतो आणि काहींमध्ये कधीच नाही, जरी सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या गाठी सारख्याच दिसल्या असल्या तरी. १९९४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी मूत्राशय काढलेल्या २४३ रुग्णांच्या गाठी तपासल्या आणि पी५३ साचलेल्यांमध्ये रोग उलटण्याचा धोका बराच अधिक असल्याचे दाखवले. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी कोणाला द्यावी, हे आता ही खूण सांगेल, अशी आशा निर्माण झाली.

ती आशा टिकली नाही. पी५३ साचलेल्या रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून काहींना केमोथेरपी देणाऱ्या आणि इतरांना केवळ देखरेखीखाली ठेवणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत औषधाचा लाभ दिसला नाही आणि खुणेचे भाकीतही खरे ठरले नाही. पात्र रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण विभागणीत सामील झाले नव्हते, त्यामुळे चाचणीचे बळ कमी पडले, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरी एक खूण म्हणजे एफजीएफआर३ या जनुकातील बदल; तो वरवरच्या, संथ गाठींत वारंवार आढळतो. अशा गाठी पुन्हा उगवतात, पण खोलवर क्वचित जातात. पसरलेल्या रोगात मात्र हाच बदल औषधाचे लक्ष्य ठरतो, आणि त्यासाठी २०१९ मध्ये अमेरिकेत एर्डाफिटिनिब या औषधाला मान्यता मिळाली.

सध्याचे सर्वांत आश्वासक काम रक्तावर चालले आहे. शस्त्रक्रियेनंतर अ‍ॅटेझोलिझुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध देणारी एक मोठी चाचणी एकूण रुग्णांत अयशस्वी ठरली होती. परंतु २०२१ मध्ये त्यांच्या साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांचे विश्लेषण झाले, तेव्हा ज्यांच्या रक्तात गाठीच्या डीएनएचे तुकडे उरले होते, त्यांना औषधाचा उपयोग झाल्याचे दिसले. मागे वळून काढलेल्या अशा निष्कर्षावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे पी५३ने शिकवलेलेच होते. म्हणून पुढच्या चाचणीत रुग्णांचे रक्त शस्त्रक्रियेनंतर वारंवार तपासले गेले: तुकडे आढळले, तरच विभागणी करून औषध किंवा प्लासिबो (औषधासारखे भासणारे, पण औषध नसलेले), अन्यथा कोणतेही औषध नाही, केवळ देखरेख.