गोवा ते फ्रीमँटल : शिडाच्या नौकेवरचा दिवसक्रम

भारतीय नौदलाची शिडाची नौका ‘तारिणी’ म्हटलं की लोकांना केप हॉर्नच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या, लाटा आठवतात. मी आज त्याआधीच्या, कंटाळवाण्या समजल्या जाणाऱ्या टप्प्याबद्दल बोलणार आहे. गोव्यात बांधलेली ही छप्पन फुटी नौका १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना घेऊन जगप्रदक्षिणेला निघाली आणि सुमारे सहा आठवड्यांनी ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला पोचली. या वाटेचा बराचसा भाग उष्ण कटिबंधातला. तिथे नौकेला वादळाइतकंच घासणं, मीठ आणि दमट हवा छळते.

सहा माणसं असली की जोड्या करून चार तास पाळी, आठ तास मोकळे. मोकळे म्हणायचे इतकंच. स्वयंपाक, दुरुस्ती, झोप सगळं त्यातच. दर तासाला नोंदवहीत स्थान, दिशा, वेग आणि हवेचा दाब लिहायचा. विषुववृत्ताजवळ हा दाब रोज दोनदा आपोआप चढतो-उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त. म्हणून नुसता उतार पाहून घाबरू नये. हा रोजचा फरक वजा करूनही दाब नेहमीपेक्षा तीन मिलिबारनं कमी भरला, तर मात्र चक्रीवादळाचा संशय घ्यावा.

वारा पडलेल्या पट्ट्यात शिडं नुसती आपटत राहतात, आणि मग काळा ढग येतो. वारा दहा नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) काही मिनिटांत तीसवर जातो. रीफ, म्हणजे शीड थोडं उतरवून लहान करणं, तो ढग दिसताच घ्यायचा. वारा अंगावर आल्यावर शीड खाली ओढणं दुप्पट कष्टाचं. पाऊस आलाच तर पहिली काही मिनिटं शिडावरचं मीठ धुऊन जाऊ द्यावं, मग बादली लावावी.

समुद्राचं पाणी गोडं करायला आरओ यंत्र असतं, पण त्याच्यावर विसंबून टाक्या रिकाम्या करू नयेत. बंदरातलं तेलकट पाणी किंवा क्लोरीन त्याच्या पडद्याला लागलं, की पडदा गेला. भाताला एक वाटी समुद्राचं पाणी आणि दोन-तीन वाट्या गोडं, म्हणजे मीठ घालायला नको. अंघोळ खाऱ्या पाण्यानं. त्यात साध्या साबणाला फेस येत नाही, भांड्यांच्या लिक्विडला येतो. शेवटी एक मग गोडं पाणी हवंच. अंगावर राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं, कातडी सतत ओलसर राहते आणि बसायच्या जागी फोड येतात. हे फोड किरकोळ समजणाऱ्यानं आठवडाभर उभ्यानं जेवायची तयारी ठेवावी.

स्टोव्ह झुलता असला तरी कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. कांदे-बटाटे वेगवेगळ्या जाळ्यांत टांगावेत. मटकीला मात्र ही हवा मानवते. दिवसभरात मोड येतात आणि ताजी भाजी संपल्यावर तोच आधार.

दोर एकाच जागी कप्पीवर घासत राहिला की आतून झिजतो. रोज तो हातभर नाही, चार बोटं सरकवला तरी पुरे. डिझेलच्या टाकीत दमट हवेचं पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात आणि फिल्टर तुंबतो; तळाचं पाणी नियमानं काढावं.

सुकाणूकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं. ‘तारिणी’लाही परतताना, एप्रिल २०१८ मध्ये, सुकाणूतल्या बिघाडामुळे ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. सुकाणू थेट हातानं फिरवायचा आणीबाणीचा दांडा नौकेवर असतो, पण तो बसवायच्या भोकावरचं झाकण मिठानं घट्ट धरतं. ते बंदरातच उघडून, ग्रीस लावून, दांडा एकदा बसवून पाहावा.