राणीची काख आणि थांबलेली नळी

नमस्कार श्रोतेहो.

ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला आलेले लोक आधी त्याचं तोंड बघत नाहीत, नळ्या मोजतात. नाकात एक, पोटाच्या कडेला एक, चादरीखालून पिशवीत उतरणारी एक. मग बाहेर जाऊन दबक्या आवाजात सांगतात, "तीन-तीन नळ्या घातल्यात हो!" मी ३१ वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली आणि हा हिशेब रोज ऐकला. नळ्या किती, यावरून फारसं काही कळत नाही. कुठल्या नळीतून काय येतंय, किती येतंय आणि कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे, यावरून कळतं.

आज एक वाक्य मी मधूनमधून परत म्हणणार आहे. नळीतून येणं थांबलं, म्हणजे आतलं संपलंच असं नाही. हे मला एका राणीच्या काखेनं शिकवलं.

आमच्या ट्रेनिंगच्या वेळी एक ट्यूटरबाई होत्या. ड्रेनचा, म्हणजे जखमेत साचलेलं पू-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचा धडा आला की त्या पुस्तक मिटून ठेवायच्या आणि ही गोष्ट सांगायच्या. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीला मी ती सांगितली. काहींनी तीन-तीनदा ऐकली असेल. कुणी तक्रार केली नाही, निदान माझ्यासमोर तरी.

तर साल १८७१, सप्टेंबर महिना, स्कॉटलंडमधला बाल्मोरलचा राजवाडा. व्हिक्टोरिया राणी तेव्हा ५२ वर्षांची. तिच्या काखेत गळू झालेलं. किती मोठं? तिनं स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवलंय, सहा इंच. आपला हात बोटांसकट काखेवर सपाट ठेवून बघा, जवळजवळ तेवढं. ठणक्यानं झोप नाही, हात खाली घेता येत नाही. शेवटी एडिंबरोहून सर्जन जोसेफ लिस्टर यांना बोलावणं गेलं.

लिस्टर म्हणजे जखमेत जंतू शिरतात म्हणून पू होतो, असं कंठशोष करून सांगणारा माणूस. बरेच सर्जन तेव्हा त्यांना हसत. त्यांचं शस्त्र म्हणजे कार्बोलिक ॲसिड. हात त्यानं धुवायचे, हत्यारं त्यात बुडवायची आणि वर हवेतही त्याचाच फवारा उडवायचा. फवारा मारायचं काम आलं राजवैद्य सर विल्यम जेनर यांच्याकडे. हे देवीच्या लशीवाले जेनर नव्हेत हं, ते एडवर्ड, बरेच आधीचे. तर या जेनरसाहेबांचा नेम चुकला आणि कार्बोलिक थेट राणीच्या तोंडावर. राणी रागावली. त्यावर ते म्हणाले म्हणे, मी आपला नुसता भाता चालवणारा! वॉर्डात काही चुकलं की प्रत्येकजण भाता चालवणाराच असतो, हे मी नंतर पुष्कळ पाहिलं.

असो. थोडा क्लोरोफॉर्म हुंगवला, लिस्टरांनी चीर दिली, पू बाहेर आला, राणीला एकदम मोकळं वाटलं. मग लिस्टरांनी त्या चिरेत कापडाची एक पट्टी सारली, कार्बोलिक मिसळलेल्या तेलात भिजवलेली. हेतू सरळ होता. जखमेचं तोंड मिटू नये आणि उरलेला पू पट्टीवरून झिरपत बाहेर यावा. समईतली वात तेल वर ओढते, तसं.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग सोडलं. लिस्टरांनी पट्टी बाहेर ओढली आणि तिच्या मागोमाग भसकन पू आला, आदल्या दिवशीइतकाच दाट. वाट करून द्यायला ठेवलेली पट्टीच वाटेत बूच होऊन बसली होती.

इथे ट्यूटरबाई थांबायच्या. चष्म्यावरून आमच्याकडे बघत विचारायच्या, "पट्टी जागेवर होती तोवर बाहेर काही येत नव्हतं. मग पेशंट बरी होती का गं?"

आता लिस्टर काय करणार? राजवाड्यात कुठला आलाय ऑपरेशनचा साठा! त्यांची नजर गेली एका फवाऱ्याच्या यंत्रावर. त्याला रबराची नळी होती. त्यांनी तिचा एक तुकडा कापला. त्याला बाजूंनी भोकं पाडली. एका टोकाला रेशमाचे दोरे गाठ मारून बांधले, नळी आत सरकून हरवू नये म्हणून. रात्रभर तो तुकडा कडक कार्बोलिकच्या पाण्यात भिजत ठेवला आणि सकाळी पट्टीच्या जागी बसवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर काय? स्वच्छ पाण्यासारखे एक-दोन थेंब, बस्स. पू नाही. म्हातारपणी लिहिलेल्या पत्रातसुद्धा लिस्टरांना तो आनंद आठवत होता. राणीच्या अंगात सुरी खुपसलेला मी एकटाच, असं ते विद्यार्थ्यांना गमतीनं सांगत, अशी आठवण आहे.

खरं तर जखमेत रबराची नळी घालणं ही लिस्टरांची शोधलेली गोष्ट नव्हे. पॅरिसचे सर्जन शासेन्याक यांनी १८५९ मध्येच त्यावर लिहिलं होतं. त्यांच्या नळ्या ज्यांच्या अंगात होत्या त्या पेशंटांची नावं मात्र आपल्याला कुणी सांगत नाही. गळू राणीला झालं की त्याचा इतिहास होतो, इतरांना झालं की नुसता केसपेपर. मला हे कायम खटकत आलंय, पण तो आजचा विषय नाही.

आजचा विषय हा, की पट्टीनं तोंड बंद झालं होतं आणि वरून सगळं कोरडं दिसत होतं. येणं थांबलं, म्हणजे आतलं संपलंच असं नाही.

आजचा ड्रेन हातात घेतलात तर लिस्टरांची ती भोकं त्यात तशीच सापडतील. एक भोक बुजलं तर दुसरं चालू राहावं म्हणून. दोऱ्यांच्या जागी आता टाका असतो. काही ड्रेन म्हणजे नुसती रबराची मऊ चपटी पट्टी. ती बाहेर ड्रेसिंगमध्ये उघडी राहते आणि तिला सेफ्टी पिन लावतात. ही पिन का, असं नातेवाईक घाबरून विचारतात. पट्टी आत जाऊ नये म्हणून, दुसरं काही नाही. या जातीचा ड्रेन अमेरिकेतल्या पेनरोज नावाच्या डॉक्टरांनी १८९० च्या सुमारास केला, तोही कंडोमचं टोक कापून. म्हणजे हाताशी असेल त्यातून.

दुसरी जात बंद ड्रेनची. नळीच्या टोकाला प्लॅस्टिकचा मऊ बल्ब. तो दाबून हवा काढायची, दाबलेलाच धरून बूच लावायचं. मग बल्ब फुगायला बघतो आणि आतलं पाणी ओढून घेतो. जखम उघडी राहत नाही म्हणून हा जास्त चांगला. आधी लाल येतं, मग गुलाबी, मग गवती पिवळं, आणि रोज थोडं कमी. असा क्रम असला की सिस्टर निवांत. पिवळ्याचं पुन्हा लालभडक झालं, हिरवं पित्त दिसलं किंवा वास आला, तर लगेच डॉक्टर. आणि एक विनंती, चार्टवर "थोडं" आणि "बरंच" लिहू नका. मिलीलिटर लिहा! "थोडं" म्हणजे किती, यावरून मी जितकी भांडणं केलीत तितकी पगारावरूनही केली नाहीत.

छातीतली नळी मात्र वेगळी. तिचं टोक बाटलीतल्या पाण्याखाली साधारण दोन सेंटिमीटर बुडालेलं असतं. छातीतली हवा बुडबुडे काढत बाहेर पडते, पण पाण्यामुळे परत आत शिरत नाही. श्वासाबरोबर नळीतलं पाणी खाली-वर होतं. ते हलायचं थांबलं तर? एक तर फुप्फुस पूर्ण फुगलंय, म्हणजे आनंदाची गोष्ट, किंवा नळी मुडपली किंवा गुठळीनं बुजली आहे. दोन्ही वेळा बाटली सारखीच दिसते. एक्स-रे काढल्याशिवाय पेढे वाटू नयेत. आणि ही बाटली कायम छातीच्या खाली. एकदा एका पेशंटच्या मुलानं पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून ती उचलून पलंगावर ठेवली होती. नळीनं पिंपातलं पाणी काढताना काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. इथे ते पाणी छातीत जातं. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या वॉर्डातली सिस्टर धावत आली. बाटली खाली. लघवीची पिशवीसुद्धा मूत्राशयाच्या खाली, फक्त जमिनीला टेकवायची नाही.

नाकातून पोटात जाते ती रायल्स ट्यूब. ती साचलेलं बाहेर काढायलाही असते आणि अन्न आत घालायलाही. घालण्याआधी टोक पोटातच आहे ना, हे दर वेळी तपासायचं. त्यात घाई नको.

लघवीच्या नळीला फोलीज कॅथेटर म्हणतात. आत टोकाशी छोटा फुगा असतो, तो पाण्यानं फुगवला की नळी निसटत नाही. म्हणूनच ती ओढायची नाही, आधी फुगा रिकामा करायचा. नळीवर १६ लिहिलं असेल तर ३ ने भागा. जाडी पाच मिलीमीटरच्या जरा वर. ही नळी जितके दिवस आत, तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो. तेव्हा "आज हिची गरज आहे का?" असं डॉक्टरांना रोज विचारा. ते वैतागले तरी विचारा.

एका रात्री एका आजोबांची लघवी तीन तास बंद. पिशवीत थेंब नाही. शिकाऊ डॉक्टर लघवीचं इंजेक्शन भरून उभे. मी म्हटलं, "डॉक्टर, एक मिनिट." आजोबांची मांडी उचलली. नळी तिच्याखाली चेपून चपटी झालेली. सरळ केली आणि पिशवीत धार सुरू झाली, ६०० मिलीलिटर. आजोबा डोळे मिटूनच म्हणाले, "बाई, हे आधी का नाही केलंत?" येणं थांबलं, म्हणजे आतलं संपलंच असं नाही. तिसऱ्यांदा म्हटलं, आता नाही म्हणत.

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. बल्ब घेऊन घरी गेलेल्यांसाठी तेवढं सांगते. हात धुवा, बल्ब नेहमी जखमेच्या खाली राहील असा कपड्याला अडकवा, निम्मा भरला की मापाच्या पेल्यात रिकामा करा आणि आकडा तारीख-वेळेसकट लिहा. आधी दाबायचा, मग बूच. उलट केलंत तर बल्ब फुगलेलाच राहतो, काही ओढत नाही. आणि काल ८० मिलीलिटर आलं, आज एकदम शून्य, वर जखमेभोवती फुगवटा दिसतोय, तर बरं वाटलं म्हणून गप्प बसू नका, नळी मुडपली आहे का ते बघा आणि त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.

नमस्कार.