डिगॉक्सिन चालू आहे आणि जेवण जात नाही? लगेच 'पित्त' म्हणू नका

नमस्कार मंडळी. 'ताई, डिगॉक्सिनवर बोला' अशा इतक्या कमेंट आल्यात की आज बाकी सगळं बाजूला. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कमेंटमध्ये डोस विचारू नका, मी सांगणार नाही.

सोप्या गोष्टी पटकन उरकते. लॅनॉक्सिन म्हणा की डिगॉक्सिन, हृदयाचं औषध तेच. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके सुसाट आणि वेडेवाकडे पडतात. ही गोळी त्यांचा वेग आवरते, लय सरळ करत नाही. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडते तेव्हाही, देतात. रोज ठरल्या वेळी घ्यायची. एक दिवस चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन नाही. झालं.

आता खरी गोम. या औषधाचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांच्यात फार थोडं अंतर असतं. आणि जास्त झालं की पहिली तक्रार बऱ्याचदा छातीत नाही, पोटात दिसते. जेवणावरची वासना उडते, मळमळतं, उलट्या होतात. आणि घरचे म्हणतात, पित्त झालंय!

एक काका काउंटरवर आले. 'आईला पित्ताची गोळी द्या, आठवडाभर ताटाकडे बघत नाही.' म्हटलं, बाकी काय चालू आहे? पिशवीतून डिगॉक्सिन निघाली, लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, निघाली. आणि जाता जाता म्हणतात, 'तिला ट्यूबलाइट पिवळी दिसते, मोतीबिंदू असेल.' मी पित्ताची गोळी दिलीच नाही, डॉक्टरांना फोन लावायला लावला. दवाखान्यात नाडी ४८ निघाली. पिवळं दिसणं आणि मंद नाडी, दोन्ही डिगॉक्सिन जास्त झाल्याच्या खुणा.

हेच उलट बाजूनं बघा. समजा पोट खरंच बिघडलंय, जुलाब लागलेत. अंगातलं पाणी गेलं की किडनीचं काम मंदावतं, आणि डिगॉक्सिन बाहेर पडतं ते मुख्यतः किडनीवाटेच. म्हणजे ते साचत जातं. वर जुलाबात पोटॅशियमही जातं, लॅसिक्सनं आणखी जातं, आणि पोटॅशियम घटलं की तोच नेहमीचा डोस हृदयाला बाधतो. म्हणून पोट बिघडलं तरी डॉक्टरांना फोन.

आणि तिसरं, तुम्ही नव्या डॉक्टरांकडे घसा दाखवायला जाता आणि डिगॉक्सिनचं नावच काढत नाही. त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलं तर रक्तातलं डिगॉक्सिन वाढतं. व्हेरापामिल, अमिओडॅरोन या हृदयाच्या गोळ्यांनीही वाढतं. मग पुन्हा मळमळ, आणि पुन्हा आपलं 'अँटिबायोटिकनं पित्त झालं'!

एका दादांनी लिहिलंय, 'हे झाडापासून बनतं, मग साइड इफेक्ट कसले?' अहो दादा, ज्या फॉक्सग्लोव्ह झाडांच्या कुळातून हे येतं, त्याच कुळातल्या झाडाबद्दल इंग्लंडच्या डॉक्टर विल्यम विदरिंगनं १७८५ मध्येच लिहून ठेवलंय: जास्त दिलं तर उलट्या, हिरवं-पिवळं दिसणं, नाडी मंद. झाडाचं म्हणून निरुपद्रवी, हे खूळ डोक्यातून काढा. आपला ज्येष्ठमधच घ्या. खोकल्यासाठी रोज काढा पीत राहिलात तर तोही पोटॅशियम उतरवतो. आणि 'मग नारळपाणी पाजू का?' तर मनानं नाही. किडनी अधू असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अंगात राखणारी गोळी) चालू असेल तर पोटॅशियम चढूही शकतं, तेही घातकच.

'शनिवार-रविवार गोळीला सुट्टी का देतात?' हाही नेहमीचा प्रश्न. ०.२५ मिलिग्रॅमची गोळी म्हाताऱ्या माणसाला रोज जड पडते, म्हणून काही डॉक्टर आठवड्याचा हिशोब असा कमी करतात. मला विचाराल तर रोज लहान डोस जास्त सुटसुटीत, सुट्टीचे वार घरात कुणाच्या लक्षात राहतात? पण तुमच्या चिठ्ठीत सुट्टी लिहिली असेल तर तसंच घ्या, बदल डॉक्टरच करतील.

नाडी मोजताना पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. ठोके अनियमित असतात, पूर्ण मिनिट मोजा. ६०च्या खाली असेल तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. चक्कर, भोवळ किंवा गोंधळल्यासारखं बोलणं असेल तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल.

आणि रक्तातली डिगॉक्सिनची लेव्हल तपासायला सांगितली असेल तर गोळी घेऊन लगेच लॅबमध्ये जाऊ नका, आकडा फुगून येतो. गोळीनंतर निदान सहा तास जाऊ द्या, आणि गोळी किती वाजता घेतली ते लॅबवाल्याला लिहून घ्यायला सांगा.